24 तास आणि 29 वर्षं

मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 मध्ये कलम 354-अ आहे. परवानगी न घेता बांधकाम चालू असल्याचं दिसलं की पालिकेच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने काम थांबवण्याची नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून 24 तासांत मालकाने काम थांबवून परवानगीचा कागद दाखवला नाही, तर दुसरी नोटीस न देता ते बांधकाम पाडता येतं. हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा 29 वर्षं. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये मंजुरीपेक्षा जास्त मजले चढत असताना हीच 354-अ ची नोटीस 1984 साली निघाली होती, आणि ते मजले बेकायदा असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 27 फेब्रुवारी 2013 रोजी.

कॅम्पा कोला पालिकेच्या जी-दक्षिण विभागात येतं आणि वरळी कोळीवाडाही त्याच विभागात येतो. एकाच वॉर्ड ऑफिसातून, एकाच कायद्याखाली, एकाच नमुन्याच्या नोटिसा दोन्हीकडे जातात. एकीकडे मंजूर नकाशा हातात असताना त्यावर पंधरा मजले जास्त चढवले गेले. दुसरीकडे कौलं उतरवून पत्रा टाकणारा कोळी आहे, आणि त्याच्या घराचा नकाशा कधी कुणी काढलेलाच नाही. पालिकेकडे अधिकार कमी पडतात असं आपण ऐकतो. आकडे बघितले की ते खरं वाटत नाही. अधिकार भरपूर आहेत. ते पहिली वीट चढते तेव्हा वापरले जात नाहीत, माणसं राहायला आल्यावर वापरले जातात. आणि कोळीवाड्यासारख्या वस्तीत ‘हो’ म्हणण्याचा रस्ताच पालिकेने नीट बांधलेला नाही. मला या लेखात एवढंच दाखवायचं आहे.

आधी कॅम्पा कोला, कारण तिथली नोंद न्यायालयाच्या कागदांत पक्की आहे. पालिकेने ही जमीन 1955 साली एका शीतपेय कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. 1980 मध्ये तिथे निवासी इमारती बांधायला सरकारने परवानगी दिली. 1981 ते 1989 या काळात सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी पाच-सहा मजल्यांच्या घरातली होती. प्रत्यक्षात मिडटाऊन ही इमारत 20 मजल्यांची झाली, ऑर्किड 17 मजल्यांची. बेकायदा ठरलेले मजले 35. मधल्या काळात नोटीसही निघाली, दंडही वसूल झाला आणि काम चालूच राहिलं. लोकांनी पैसे भरले, ते राहायला आले. भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे पालिकेचं पाणी मिळेना, म्हणून 1999 च्या सुमारास रहिवासीच पाण्यासाठी उच्च न्यायालयात गेले आणि त्या अर्जातून सगळं प्रकरण उघड्यावर आलं. 2005 मध्ये पालिकेने पाडण्याची नोटीस काढली. निकालानंतरची मुदत 11 नोव्हेंबर 2013 ला संपली. बुलडोझर फाटकातून आत शिरला आणि 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून कारवाई थांबवली, 31 मे 2014 पर्यंत. जून 2014 मध्ये त्या घरांचं पाणी, वीज आणि गॅस तोडण्यात आला.

1984 मध्ये विकलेल्या घरांचा प्रश्न नव्हता, निदान आजच्या मापाने नव्हता. ताजं सिमेंट होतं, सळया होत्या, बिल्डर होता. कायद्याने 24 तास दिले होते. ते 24 तास वाया गेले आणि त्याची किंमत शंभराच्या आसपास कुटुंबांनी मोजली. त्यांतल्या पुष्कळांनी आपल्या निवृत्तीचे पैसे त्या भिंतींत घातले होते.

आता कायद्याच्या हातात आणखी काय काय आहे ते बघू. कलम 351 खाली झालेल्या किंवा चालू असलेल्या विनापरवाना बांधकामाला ‘कारणे दाखवा’ नोटीस जाते, उत्तरासाठी 7 दिवस. समाधानकारक उत्तर नसेल तर पालिका पाडते आणि खर्च मालकाकडून घेते. पूर्वी अशा नोटिशीवर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणणं हा ठरलेला मार्ग होता. तो आवळण्यासाठी कलम 515-अ आलं: 351 आणि 354-अ च्या नोटिशीला दाव्यात आव्हान देता येणार नाही. कलम 152-अ नुसार बेकायदा इमारतीवर, ती बेकायदा आहे तोवर, दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट दंड बसतो; आणि हा दंड भरला म्हणून इमारत कायदेशीर होत नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 52 फौजदारी आहे: किमान 1 महिना ते 3 वर्षं कैद, 2,000 ते 5,000 रुपये दंड, आणि गुन्हा चालू राहिला तर रोज 200 रुपयांपर्यंत.

या शेवटच्या आकड्यांची बेरीज करून बघा. पूर्ण दंड 5,000, अधिक वर्षभर रोजचे 200 म्हणजे 73,000. एकूण 78,000 रुपये. आता वरळीत चढवलेल्या एका छोट्या खोलीचं भाडं महिन्याला फक्त 10,000 धरा. वर्षाचे 1,20,000 होतात. म्हणजे खटला उभा राहिला, गुन्हा सिद्ध झाला आणि दंड पूर्ण बसला, तरी भाड्याने खोली देणाऱ्याच्या हातात वर्षाअखेर 42,000 रुपये उरतात. कैदेची भीती कागदावर आहे खरी, पण त्या भीतीने मुंबईत किती स्लॅब थांबले असतील? रोजचे 200 रुपये हा दर ज्या काळातल्या पैशांत ठरला, तो काळ कधीच मागे पडला.

अंमलबजावणीचे आकडे याहून बोलके आहेत. पालिकेने 2016 मध्ये अनधिकृत बांधकामांच्या तक्रारींसाठी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार 2016 ते जुलै 2019 या काळात तिथे सुमारे 95 हजार तक्रारी आल्या आणि तोडक कारवाई झाली साडेपाच हजारांच्या आत. शंभर तक्रारींमागे सहाच्याही खाली. हा आकडा जपून वाचायला हवा. एकाच बांधकामाबद्दल दहा जण तक्रार करतात. काही तक्रारी भाऊबंदकीतून येतात, काही पैसे उकळण्यासाठी. तरी निम्म्या तक्रारी फोल धरल्या, तरी शंभरातली अठ्ठ्याऐंशी बांधकामं उभीच राहतात.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर ठरलेलं असतं. त्यात तथ्य आहे. वॉर्डातल्या इमारत व कारखाने विभागात एकेका अभियंत्याकडे मोठा टापू असतो. जागेची पाहणी, नोटीस, सुनावणी, आदेश, पोलीस बंदोबस्त आणि मजूर अशी सगळी जुळवाजुळव त्यालाच करावी लागते. पण याच जी-दक्षिण विभागात, लोअर परळच्या कमला मिलमध्ये, 29 डिसेंबर 2017 ला गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून 14 जण मेले. दुसऱ्या दिवशी, 30 डिसेंबरला, पालिकेने शहरभर तीनशेहून अधिक ठिकाणी बेकायदा बांधकामं पाडली. एका दिवसात. ती सगळी 28 डिसेंबरलाही तिथेच होती आणि पालिकेला ठाऊक होती. ठाऊक नसती तर एका रात्रीत यादी कुठून आली? त्या 14 जणांच्या घरच्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि मला त्याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही.

आता कोळीवाडा. वरळीच्या टोकावरचा किल्ला इंग्रजांनी 1675 च्या सुमारास बांधला. पालिकेचा कायदा 1888 चा. म्हणजे ज्या कायद्याने इथल्या घरांना परवानगी विचारायची, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वस्ती आहे. नकाशा मंजूर करून बांधलेलं घर असण्याचा प्रश्नच इथल्या मूळ घरांबाबत येत नव्हता. ही अडचण पालिकेलाही मान्य आहे, म्हणून मुंबईत एक तारीख ठरलेली आहे: निवासी बांधकाम 17 एप्रिल 1964 पूर्वीचं आणि व्यापारी बांधकाम 1 एप्रिल 1962 पूर्वीचं असेल, तर मंजूर नकाशा नसला तरी ते सहन करायचं, तोडायचं नाही.

ही तारीख ऐकायला बरी वाटते. पण पुरावा फक्त घर होतं एवढ्याचा चालत नाही. ते किती लांब, किती रुंद, किती उंच होतं आणि कशासाठी वापरलं जात होतं याचा लागतो. करआकारणीचा जुना उतारा, सर्वेक्षणाचा नकाशा, असे कागद लागतात. समुद्राकाठी साठ वर्षांत घर एकदाच बांधून भागत नाही. खारं वारं लाकूड आणि लोखंड दोन्ही खातं. आजोबांच्या वेळचा कुडाचा भाग वडिलांनी विटेचा केला, मुलाने पुढची पडवी बंद करून खोली केली. 1964 च्या उताऱ्यातलं माप आजच्या घराला लागू पडत नाही आणि तेवढ्यावर संरक्षण गळून पडतं.

इथे कलम 342 बारकाईने वाचावं लागतं. साध्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही, आणि साधी दुरुस्ती म्हणजे काय याची यादी कायद्यात दिली आहे: गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ, वायरिंग, आणि छप्पर बदलणं, पण त्याच सामानाने. सामान बदललं तर परवानगी. छप्पर सपाट केलं तर परवानगी. पोटमाळा टाकला किंवा वाढवला तर परवानगी. भार घेणारी भिंत काढून नवी बांधली, लांबी-रुंदी-उंचीत फरक पडला, तरी परवानगी. म्हणजे मंगलोरी कौलं फुटली आणि ती महाग झाली म्हणून पत्रा घातला, की आपण 351 च्या टप्प्यात आलो. स्लॅबचं तर बोलायलाच नको. पावसाळ्याआधी छप्पर बदलताना सामानही बदलणाऱ्या कुठल्याही घराला ही अट पाळून दाखवता येणार नाही.

उंचीचं गणितही असंच. झोपडपट्टी आणि दाट जुन्या वस्त्यांमध्ये पालिकेचा व्यवहारातला निकष 14 फुटांचा आहे. एक घर कल्पून बघू: 15 फूट बाय 20 फूट, म्हणजे 300 चौरस फूट. तीन भावांची लग्नं झाली, आई आहे, आणि मासेमारीचं सामान आहे. खालची उंची 8 फूट धरली तर वर उरतात 6. सहा फुटांत उभा राहून माणूस सदरा घालू शकत नाही. खालच्या खोलीत जाळी, दोर, बोये, बर्फाची पेटी ठेवायची आणि वर तीन संसार. मग कुणीतरी माळा चार फुटांनी उचलतो. कायद्याच्या नजरेत त्याचा गुन्हा आणि 20 मजली मिडटाऊनचा गुन्हा एकाच कलमात बसतो, आणि नोटिशीचा छापील मजकूर सारखाच असतो.

तो म्हणेल, मी परवानगी मागतो. कुठे मागणार? तोडणारा विभाग इमारत व कारखाने, परवानगी देणारा विभाग इमारत प्रस्ताव. दोघांची दारं वेगळी. प्रस्तावाला मालकी हक्काचा कागद, मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, वास्तुविशारदाची सही लागते. घराभोवती मोकळी जागा सोडावी लागते, आणि इथे दोन घरांमधली गल्ली हीच मोकळी जागा असते. जमीन वडिलोपार्जित पण पत्रकावर पणजोबांचं नाव, नाहीतर सरकारचं. त्यावर समुद्राचा नियम. 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेपासून भरती रेषेच्या 500 मीटरच्या आतल्या बांधकामावर बंधनं आली, आणि तीन बाजूंनी पाणी असलेल्या या वस्तीला त्यातून सुटका नाही. नगररचना कायद्याच्या कलम 45 नुसार 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजतात, पण नकाशा सगळ्या नियमांत बसत असेल तरच. जो नकाशा मुळात नियमात बसूच शकत नाही, त्याला त्या 60 दिवसांचा काही उपयोग नाही.

खरं म्हणजे केंद्र सरकारने यावर उत्तर लिहून ठेवलं होतं. 6 जानेवारी 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी वेगळा भाग होता. 1981 च्या विकास आराखड्यात किंवा राज्याच्या नोंदींत असलेले कोळीवाडे नकाशावर आखावेत, ते सीआरझेडच्या तिसऱ्या वर्गात धरावेत, आणि तिथली घरबांधणी स्थानिक नगररचना नियमांप्रमाणे होऊ द्यावी. मच्छीमारांच्या घरांच्या दुरुस्ती-पुनर्बांधणीला स्थानिक संस्थांनी प्राधान्याने परवानगी द्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तिसऱ्या वर्गातल्या पारंपरिक वस्त्यांसाठी त्याच अधिसूचनेत घराच्या उंचीचा आकडा 9 मीटर होता, तळमजला अधिक एक. 14 फूट म्हणजे सव्वाचार मीटर. दिल्लीने मच्छीमाराच्या घरासाठी मनात धरलेलं माप आणि वॉर्ड ऑफिसातलं माप यांत दुपटीहून जास्त फरक आहे. मधला दुवा होता कोळीवाड्याची हद्द आखण्याचा आणि त्यासाठी वेगळी नियमावली करण्याचा. 2018 मध्ये नवी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, तरी वेगळ्या नियमांची मागणी मुंबईतल्या कोळीवाड्यांमधून आजही होतेच आहे.

हद्द नसली की आणखी एक धोका असतो. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, नकाशे नाहीत, या लक्षणांवर कोळीवाड्याला झोपडपट्टी म्हणणं सोपं जातं. मग पुनर्वसनात मिळणारं घर 300 चौरस फुटांचं. आधी ते 269 होतं, त्याआधी 225. आकडा वाढत गेला हे खरं. पण त्या घराला ओटा नसतो, बोंबील वाळवायची वलांडी नसते, जाळी तुणायला अंगण नसतं, आणि ते कितव्या मजल्यावर येईल याचा नेम नसतो. वरळीच्या कोळ्यांनी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेला विरोध केला तो याच भीतीने.

इथे मला दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगायची आहे. कोळीवाड्यात चढणारा प्रत्येक मजला गरजेचा नसतो. भाड्यासाठी चढवलेले मजले आहेत, कंत्राटदारांनी भागीदारीत चढवलेले आहेत, आणि जुन्या पायावर नवा भार टाकताना कुणी अभियंत्याला विचारत नाही. याचा शेवट कसा होतो ते मालाडच्या मालवणीत 9 जून 2021 च्या रात्री दिसलं. मुसळधार पावसात एक वाढवलेलं घर शेजारच्या घरावर कोसळलं. 12 माणसं गेली, त्यांत 8 लहान मुलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुंब्र्याचं लकी कंपाउंड आठवा: 4 एप्रिल 2013, बांधकाम चालू असतानाच पडलेली इमारत, 74 बळी. म्हणून ‘गरिबांचं आहे, राहू द्या’ हे उत्तर मला मान्य नाही. परवानगीचा एक मोठा अर्थ हा असतो, की पायाला किती भार सोसतो हे जाणकार माणसाने बघितलेलं असतं. परवानगीचा रस्ता बंद ठेवला की तो बघणारा माणूसही त्या घरात कधी येत नाही.

आणि उशिरा माफ करण्याचा मार्ग महाराष्ट्राने पुरेसा वापरून बघितला आहे. उल्हासनगरात 855 बेकायदा इमारती पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, तर 2006 मध्ये त्या नियमित करण्यासाठी कायदा आला. 2017 मध्ये नगररचना कायद्यात 52-अ घालून 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांना शुल्क भरून नियमित होण्याची सोय केली गेली. त्यानंतरही कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या 65 इमारती सापडल्या, आणि नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडून अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. प्रत्येक नवी तारीख पुढच्या बिल्डरला एकच निरोप देते: थांबा, आणखी एक तारीख येईल. इंग्लंडमध्ये याच्या उलटा बदल झाला. तिथे विनापरवाना बांधकामावर चार वर्षांत कारवाई झाली नाही तर ते सुटत असे. एप्रिल 2024 पासून ही मुदत दहा वर्षं झाली. त्याच वेळी तिथे काम झाल्यावरही अर्ज करता येतो, आणि तो अर्ज नियमांवर तपासून मंजूर किंवा नामंजूर होतो. मुदत लांब आणि दार उघडं, अशी ती रचना आहे.

मापं बदलता येतात, हे वरळीच्या कोळ्यांनी स्वतः दाखवून दिलं आहे. कोस्टल रोडच्या पुलाखालून, क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी, होड्या जायच्या तिथे दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं. नाखवांनी 200 मागितलं, समुद्रात काम अडवलं, महिनोन्महिने पाठपुरावा केला, आणि शेवटी पालिकेने 120 मीटर मान्य केलं. हजारो कोटींच्या पुलाचा आराखडा बदलू शकतो, तर घराच्या उंचीचा आकडा बदलणं पालिकेला अशक्य नाही.

13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिला: स्थानिक कायद्यातली मुदत कमी असली तरी पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, आणि तीन महिन्यांत प्रत्येक स्थानिक संस्थेचं संकेतस्थळ, ज्यावर नोटीस, उत्तर आणि आदेश लोकांना दिसतील. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत, नदी किंवा जलाशय या जागांवरच्या बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. भरतीचं पाणी ज्या घरांच्या जोत्याला लागतं त्यांच्या बाबतीत ‘जलाशय’ हा शब्द कसा वाचला जाईल, याची वरळी कोळीवाड्याने आताच लेखी विचारणा करून ठेवावी. महिनाभराने, 17 डिसेंबर 2024 ला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितलं की काळ लोटला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

या संकेतस्थळांवर नोटिसांचा आकडा दिसेल, पाडकामाचा दिसेल. जी-दक्षिणने त्यात आणखी दोन रकाने घालावेत. एक, 354-अ ची नोटीस काम सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी निघाली. दुसरा, वरळी कोळीवाड्यातून घरदुरुस्तीच्या परवानगीसाठी वर्षभरात किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले.